काळी आणि पांढरी

दिवाळीची सुट्टी लागली, की आपल्याकडची कुटुंबे फराळाचे डबे बांधून प्रवासाला निघतात. कोणी देवाला जातात, कोणी किल्ले पाहतात, कोणी लेण्यांपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. परत आल्यावर शेजाऱ्यांना जे सांगितले जाते ते बहुधा भिंतींविषयी असते. अमक्या किल्ल्याचा तट इतका रुंद, तमक्या देवळाचा कळस इतका उंच! जी भिंत अजून उभी आहे तिला आपण इतिहास म्हणतो आणि जी पडली तिला माती म्हणतो. पण उभ्या भिंतींपेक्षा पडलेल्या भिंतीच कितीतरी अधिक. त्यांची माती पुढे कोणाच्या घरावर गेली, आणि मुळात भिंत बांधण्याइतका पैसा कोणत्या शेतातून आला, हे विचारीत जो हिंडेल त्याला तोच मुलूख निराळा दिसू लागेल. मराठवाड्याच्या एका कोपऱ्यात मी असा हिंडलो. त्याची ही हकीकत.

हा कोपरा म्हणजे बेंबळी आणि तिच्या भोवतीचा टापू. बेंबळी हे धाराशिव तालुक्यातले मोठे गाव. धाराशिवाहून पूर्वेकडे जाणारी एस. टी. तासाभराच्या आत तेथे नेऊन सोडते. नकाशात बेंबळीवर बोट ठेवावे, म्हणजे भोवती सगळी नामांकित मंडळी बसलेली दिसतात. वायव्येला तेर, पश्चिमेला धाराशिव, नैर्ऋत्येला तुळजापूर, दक्षिणेला नळदुर्ग आणि पूर्वेला औसा. यांपैकी प्रत्येक नाव इतिहासाच्या पुस्तकात सापडते. मधल्या बेंबळीसाठी मात्र प्रवासी कधी गाडीतून उतरत नाही. गेल्या मार्गशीर्षात मी मुक्काम केला तो येथेच, कारण येथून चारी दिशांना जाणे सोयीचे.

पारावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी विचारले, "मामा, तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?" म्हातारा हसला आणि म्हणाला, "हितं काय बघायचं, पाव्हणं? तेरला जावा, नळदुर्गाला जावा. आमच्याकडं नुसती काळी अन् पांढरी."

मामांनी सहज उच्चारलेली ही जोडी मराठी मुलखाइतकीच जुनी आहे. काळी म्हणजे कसायची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळी अन्न देते, पांढरी आसरा देते, आणि दोन्ही मिळून गाव होते. वस्तीच्या जागेला पांढरी का म्हणावे? माणसे एका जागी शेकडो वर्षे राहतात. चुलीतली राख तेथेच पडते, गोठ्यातले शेण तेथेच मुरते, मातीच्या भिंती पडतात आणि त्यांच्यावरच नव्या उभ्या राहतात. पिढ्यान्पिढ्या असे चालले, की जमिनीचा रंग फिकट होतो आणि तिची पातळी भोवतालच्या शिवारापेक्षा उंच होते. म्हणून पुराणवस्तूंचा शोध घेणारे पंडित एखाद्या गावात गेले, की त्यांची नजर प्रथम पांढरीचे टेकाड शोधते. पुढे या शब्दाचा अर्थ वाढत वाढत वस्तीतल्या लोकांपर्यंतही गेला. मामांच्या 'नुसती' या शब्दात, म्हणजे, सगळेच येऊन गेले होते. हीच दोन नावे बरोबर घेऊन मी बाकीची गावे पाहिली.

पहिले तेर. तेरणेच्या काठचे हे गाव आज तालुक्याचेही ठिकाण नाही. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातल्या कोणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहिली, तीत या गावाचे नाव आहे. भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर, असे तो सांगतो. तगराहून काय येते, हेही त्याने नमूद केले आहे : पुष्कळसे जाडेभरडे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल. आणि हा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या अफाट मुलखातून भडोचला नेतात, अशीही त्याची नोंद आहे. मालधनी होता तो. त्याला राजवाड्यांशी कर्तव्य नव्हते, मालाशी होते. म्हणूनच त्याच्या दोन ओळींत तगरची काळी आपल्याला दिसते. ज्या गावाहून इतके कापड निघते तेथे कापूस पिकविणारे, सूत काढणारे, माग चालविणारे आणि गाडीला बैल जुंपणारे असे हजारो हात असलेच पाहिजेत. त्यांतल्या एकाचेही नाव कोठे लिहिलेले नाही.

हे तगर कोणते, याविषयी विद्वानांत पुष्कळ वर्षे वाद होता. कोणी देवगिरीकडे बोट दाखवी, कोणी जुन्नरकडे, कोणी धारूरकडे. कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. म्हणजे आपले मूळ गाव हे, याचा त्यांना अभिमान होता. पण त्या बिरुदावरून गावाचा पत्ता काही लागेना. अखेर १९०१ साली फ्लीट या पंडिताने तगर म्हणजेच तेर असे साधार मांडले, आणि त्यानंतर लवकरच हेन्री कझिन्स यांनी येथील त्रिविक्रमाचे देऊळ तपासले. विटांचे, मागच्या बाजूला अर्धगोल आणि वर गजपृष्ठाकार छत असलेले हे देऊळ मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे, असे त्यांचे मत पडले. आज आत त्रिविक्रमाची पूजा चालू आहे. येथील जुन्या विटांची आणखी एक गंमत : त्यांतल्या काही इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. मातीत मिसळलेला भुसा भट्टीत जळून गेला, की विटेत बारीक पोकळ्या राहतात आणि ती हलकी होते. हे ज्ञान त्या वेळच्या वीटभट्टीवाल्याच्या बोटांत होते.

१९५८ साली चापेकरांनी येथे उत्खनन केले. पुढेही अनेकदा झाले. पण शास्त्रशुद्ध कुदळ पडण्यापूर्वीच तेरची पांढरी गावकऱ्यांनी खणायला घेतली होती. कारण साधे होते. या भागातली जुनी घरे दगड-मातीची, आणि त्यांचे छप्पर म्हणजे माळवद : लाकडाच्या तुळयांवर फळ्या-काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्यात ते गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर नवी माती पसरायची, आणि त्याला सर्वांत उत्तम माती म्हणजे चिकण पांढरी. ती टोपल्यांनी खणून आणताना तिच्यातून मणी निघत, नाणी निघत, मातीच्या बाहुल्या निघत. पोरे ते मणी खेळायला नेत. तेरचे एक व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी हे सारे गोळा करण्याचा ध्यास घेतला. पोरांकडून, शेतकऱ्यांकडून, मिळेल तेथून, मिळेल त्या मोलाने त्यांनी हजारो वस्तू जमविल्या. तेरचे सरकारी वस्तुसंग्रहालय त्या संग्रहावर उभे आहे आणि त्यांचेच नाव त्याला आहे.

त्या संग्रहात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपी येथे सापडली. पाँपी हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तेथे पोचली होती. एका बहिणीला राखेने सांभाळले, दुसरीला पांढरीने. मात्र पाँपीच्या मूर्तीमागे विद्यापीठे उभी होती. तेरच्या मूर्तीमागे एक हौशी दुकानदार उभा होता. तो नसता तर काय झाले असते, हा विचार संग्रहालयाच्या दारातून बाहेर पडताना मनाला चाटून जातो.

तेरला बहुतेक लोक येतात ते मात्र तगरसाठी नव्हे, गोरोबाकाकांसाठी. नदीकाठी त्यांची समाधी आहे आणि चैत्र वद्यात मोठी यात्रा भरते. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मांदियाळीतले हे कुंभार. कोण कच्चा आणि कोण पक्का हे त्यांनी संतांच्या डोक्यावर थापटण्याने ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात माहीत आहे. ज्या गावच्या पांढरीत दोन हजार वर्षांची खापरे आणि मातीच्या बाहुल्या सापडतात, त्याच गावात संतांचा परीक्षक कुंभार निघावा, यात मला तरी फार आश्चर्य वाटत नाही. माती कशी ओळखावी ही विद्या त्या गावाच्या अंगात मुरलेली होती.

तेरहून धाराशिवच्या लेण्यांकडे गेलो, की मातीतून दगडात शिरल्यासारखे होते. शहराबाहेर एका घळीत ही लेणी आहेत. ती मूळची कोणाची यावर पंडितांची मते भिन्न आहेत, पण आतली पार्श्वनाथाची मूर्ती जैनांची हे उघड आहे. या लेण्यांवर एक कथा आहे आणि ती अकराव्या शतकातल्या कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत काव्यात बांधली. 'करकंडचरिउ' हे त्या काव्याचे नाव, डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली ते संपादून छापले. चंपानगरीचा राजा करकंड स्वारीवर असता तेरपुराजवळ तळ देतो. येथे पाहण्यासारखे काय, अशी चौकशी करता त्याला कळते, की डोंगरात एक लेणे आहे आणि वर एक वारूळ; एक हत्ती रोज सोंडेने पाणी आणि कमळ आणून त्या वारुळाची पूजा करतो. राजा वारूळ खणवितो, तो आत पार्श्वनाथाची मूर्ती! कथा म्हणून तिचे मोल काहीही असो. प्रवाशाने तिच्यातून घ्यावे ते हे, की हजार वर्षांपूर्वीच्या कवीलासुद्धा ही लेणी 'जुनी' वाटत होती. आणि मातीच्या साध्या ढिगाऱ्याकडे कोणी तरी रोज भक्तीने येते, एवढ्यावरून आत काही असले पाहिजे असे त्याने ताडले. प्रवाशाला याहून चांगला वाटाड्या मिळणे कठीण.

दक्षिणेला नळदुर्ग. येथे पडलेल्या मातीची नव्हे, अडविलेल्या पाण्याची गोष्ट आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, बोरी नदीला दगडी बांध घालून किल्ल्याच्या दोन भागांना जोडले आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नदी भरली, की बांधावरून दोन धारा कोसळतात. त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. वरून नदी धावते आहे आणि आतल्या सज्जात बसणाऱ्याच्या अंगावर थेंब नाही, अशी ती करामत. बादशहाची हौस म्हणून आपण तिचे कौतुक करतो. पण या तुटीच्या मुलखात पाणी हीच खरी दौलत, हे ओळखणाऱ्या कारागिराचे ते काम आहे, हे विसरू नये.

किल्ला पाहून बाहेर पडले, की आणखी एक आश्चर्य. नळदुर्ग आणि शेजारचे अणदूर या दोन गावांचा खंडोबा एकच आहे, आणि मूर्तीही एकच! वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाला येतो. दोन्हीकडचे मानकरी बसून लेखी करार करतात आणि मग पालखी निघते. तट बांधून माणसांना आत-बाहेर करणाऱ्या राज्यांच्या पायथ्याशी, देव वाटून घेऊन शेजारधर्म पाळणारी गावे नांदली. यांतले अधिक टिकाऊ काय, हे पाहणाऱ्याने ठरवावे.

नळदुर्गात राज्येही पुष्कळ येऊन गेली. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला तेव्हा येथे जिल्ह्याचे ठाणे झाले आणि मेडोज टेलर हा अधिकारी १८५७ पर्यंत येथे राहिला. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची 'तारा' ही त्याची कादंबरी १८६३ ची. १८६० साली मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. पुढे जिल्ह्याचे ठाणे धाराशिवला आले आणि शेवटच्या निजामाच्या नावावरून त्याचे उस्मानाबाद झाले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने शिरली, तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्ग तिच्या हाती आले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १९८२ साली जिल्ह्यातून लातूर वेगळा निघाला. २०२३ साली उस्मानाबादचे अधिकृत नाव पुन्हा धाराशिव झाले. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत इतकी उलथापालथ! कचेरीवरच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, दफ्तराची भाषा बदलली. या सगळ्या धांदलीत बदलले नाही असे काय, ते पाहायला मी बेंबळीला परतलो, कारण येळवस जवळ आली होती.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत येळवस म्हणतात. सुशिक्षित लोक तिचे 'वेळा अमावस्या' असे संस्करण करतात. शेजारच्या कर्नाटकात हाच सण 'एळ्ळ अमावास्या' या नावाने होतो. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. म्हणजे सणाचे नाव कन्नड आणि तो साजरा करणारे मराठी. पूजेच्या वेळी शेतकरी मोठ्याने जी आरोळी देतात तिचे शब्दही कन्नड वळणाचे. मी तिचा अर्थ विचारला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "अर्थ कुणाला ठावं, बाबा? आमचा सासरा म्हणायचा, म्हणून आमी म्हणताव." या मुलखावर चालुक्यांनी राज्य केले, यादवांनी केले, बहमनींनी आणि आदिलशाहीने केले. कोणाच्या वेळी कोणती भाषा दरबारात होती हे ताम्रपटांवरून ठरते. पण दोन भाषा एका शेतात कशा नांदल्या याचा पुरावा त्या आजींच्या तोंडात आहे.

त्या दिवशी गावात चिटपाखरू नसते. पांढरी सगळी उठून काळीत जाते. शेतात कडब्याची कोप उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडतात. ते पांडव. आंबिलीचे मडके डोक्यावर घेऊन घरची माणसे येतात. तुरी, हरभरा, शेंगा आणि नाना भाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा बेत असतो. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला बोलावतो. वाटसरूला हाताला धरून बसवितात. मीही तसाच बसविला गेलो. "पोटभर घ्या, आज काळीचं ऋण फेडायचा दिस हाय," असे म्हणत त्या आजींनी माझ्या पत्रावळीत तिसऱ्यांदा भज्जी वाढली. संध्याकाळी गवताचा पेटता हेंडगा घेऊन पोरे शिवारातून धावतात. आज या काळीत कापूस फारसा दिसत नाही, सोयाबीन दिसते. पण ग्रीक व्यापाऱ्याने ज्या मुलखातून मलमल नेली त्या मुलखाची कृतज्ञता अजून त्याच मातीपुढे वाकते.

आणि आता या जोडीची दुसरी, दुःखाची बाजू सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी बेंबळीच्या आग्नेयेकडे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे गेली. धरणीकंपाने मारली त्यापेक्षा घरांनी मारली, असे म्हणणे भाग आहे. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, आणि वर वर्षानुवर्षे थरावर थर घालून जड झालेले माळवद. उन्हातून गारवा देणारी, पावसात न गळणारी ती छपरे एका मिनिटाच्या आत खाली आली. ज्या पांढरीने शतकानुशतके आसरा दिला होता, तीच अंगावर कोसळली.

पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसविली गेली. नव्या जागा अर्थातच शेतजमिनीवर, म्हणजे काळीवर. जुन्या गावांच्या जागी दगडमातीचे ढीग राहिले आणि त्यांवर बाभळी उगवल्या. अशा ढिगाऱ्याकडे पाहताना तेरचे टेकाड मला प्रथम खरेखुरे समजले. संग्रहालयातल्या कपाटात मणी म्हणून जे दिसते ते कोणाच्या तरी गळ्यातले होते. खापर म्हणून जे दिसते त्यात कोणाचे तरी अन्न शिजत होते. पांढरी म्हणजे नुसती जुनी माती नव्हे, माणसांच्या संसारांचा तो साठा आहे.

हा साठा आज वेगाने संपत आहे. पूर्वी माळवदासाठी टोपल्यांनी माती नेत. ती उणीव भरायला शंभर वर्षे लागत. आता माळवदे जाऊन सिमेंटची घरे आली, ही भूकंपानंतर आनंदाचीच गोष्ट. पण यंत्राचा एक फावडा एका दिवसात जेवढे टेकाड सपाट करतो तेवढे पूर्वी दोन पिढ्यांना जमत नव्हते. आणि प्रत्येक गावाला लामतुरे लाभत नाहीत.

म्हणून या सुट्टीत जे घराबाहेर पडणार आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे. तुळजाभवानीचे दर्शन घ्या, पाणीमहालात उभे राहा, तेरच्या हस्तिदंती बाईला डोळे भरून पाहा. पण वाटेत एखाद्या बेंबळीलाही उतरा. तेथल्या म्हाताऱ्यांना गावाची जुनी पांढरी कोणती ते विचारा, आणि काळीत पूर्वी काय पिकत असे तेही विचारा. मुलांना मातीत मणी किंवा नाणे दिसले तर खिशात न घालता शाळेतल्या गुरुजींना दाखवायला शिकवा. तेथून त्याची वाट संग्रहालयाकडे जाऊ द्या. राजांची नावे पुस्तकांतून जपली जातील, त्यांची काळजी नको. ज्यांची नावे कोठेच नाहीत त्यांच्यासाठी ही पांढरी माती तेवढी आहे, आणि ती जपण्याचे काम तिच्यावर राहणाऱ्यांचे आणि तिच्यावरून जाणाऱ्यांचे आहे.